पासिंगचा कागद आणि रस्ता



हिवरा आश्रमात व्याख्यान, आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. तेव्हा तुम्ही वेदान्त ऐकायच्या तयारीने आला असाल. आज आम्ही गाड्यांच्या पासिंगवर बोलणार आहोत. कारण सांगतो.

१ जुलै २०२३. रात्री दीडच्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस उलटली आणि पेटली. आत तेहतीस माणसं होती. पंचवीस गेली. ओळख पटत नाही म्हणून त्यांतल्या बहुतेकांवर बुलढाण्यात एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले. ते दृश्य या जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही.

पुढच्या एक-दोन दिवसांत बसच्या कागदपत्रांची माहिती बाहेर आली. पीयूसीची मुदत संपलेली होती. पण योग्यता प्रमाणपत्र, ज्याला आपण साध्या भाषेत पासिंग म्हणतो, ते मुदतीत होतं. टायर फुटला असं चालकाचं म्हणणं होतं. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात टायर फुटल्याची शक्यता नाकारली गेली. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे गाडी रस्त्यावर धावायला योग्य होती. तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. तो कागद नेमकं काय सांगत होता?

या प्रश्नाचं मूळ शोधायला मोटारीच्याही मागे जावं लागतं. यंत्राची सक्तीने तपासणी करायची ही कल्पना मोटारीसाठी जन्माला आलीच नाही. ती वाफेच्या बॉयलरसाठी आली. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, आणि १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. जवळपास त्याच काळात, १८६५ मध्ये, जर्मनीत मानहाइमला मद्याच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. पुढच्या वर्षी तिथल्या कारखानदारांनी स्वतःच तपासनीसांची संस्था काढली. आज जर्मनीत गाड्या तपासणारी 'ट्यूफ' नावाची जी संस्था आहे, तिचा वंश थेट त्या बॉयलरवाल्यांपर्यंत जातो.

आता बॉयलर म्हणजे काय, ते बघा. तो एका जागी उभा असतो. पत्रा झिजला, झडप अडकली, की आतून फुटतो. समोरून दुसरा बॉयलर भरधाव येऊन त्याला धडकत नाही. म्हणून त्याच्या पत्र्याची परीक्षा ही जवळजवळ त्याच्या सुरक्षिततेचीच परीक्षा असते. मोटार आली तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या हाताशी हीच पद्धत तयार होती, आणि त्यांनी ती उचलून चाकांवर ठेवली. आमच्या मते सगळा घोटाळा तिथे सुरू होतो. मोटारीचा पत्रा, ब्रेक, टायर झिजतात हे खरंच आहे. पण तिला चालवणारा माणूस, त्याची झोप, रस्ता, आणि समोरून दिवा न लावता येणारा दुसरा, हे त्या तपासणीच्या खड्ड्यात उभं राहून दिसत नाहीत.

आपल्याकडे मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. योग्यता प्रमाणपत्र १९३९ च्या कायद्यात आलं आणि १९८८ च्या कायद्यात कलम ५६ म्हणून कायम राहिलं. तेव्हापासून एक भेद चालत आला आहे. भाड्याने माणसं किंवा माल नेणारी गाडी तपासायची, घरची तपासायची नाही. बस, ट्रक, रिक्षा यांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी एकदा आणि पुढे दरवर्षी पासिंग. आपली मोटारसायकल मात्र पंधरा वर्षं नोंदणीच्या जोरावर फिरते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. म्हणजे जिथे सर्वांत जास्त मरण आहे, तिथे तपासणी नाहीच. यावर तुम्ही म्हणाल, मग दुचाकीलाही पासिंग लावा. थांबा जरा.

नॉर्वेमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक मोठा प्रयोग झाला. दोन लाखांवर गाड्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाची दरवर्षी तपासणी, दुसऱ्याची तीन वर्षांत एकदा, तिसऱ्याची अजिबात नाही. स्टाइन फॉसर या संशोधकाने १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या गाड्यांची अवस्था सुधारली होती, पण अपघातांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खाजगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली, टेक्सासने २०२५ पासून. उलट ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांपासून सुरुवात केली आणि पुढे ती अट तीन वर्षांवर आणली. तिथे ती आजही चालू आहे.

नॉर्वेचा निकाल जसाच्या तसा मेहकरच्या रस्त्यावर लावायचा का? आम्हाला नाही वाटत. ज्या देशात मालक स्वतःहून ब्रेक बदलतो, तिथे तपासनीसाला शोधायला फारसं उरत नाही. गुळगुळीत टायरवर नवी नक्षी चढवून पुन्हा चालवणाऱ्या देशात त्याला पुष्कळ सापडेल, अर्थात त्याने पाहिलं तर. आणि इथेच आमचा जुना विषय उपयोगी पडतो.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत, त्यांना प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रमाणपत्र हा शब्दच बघा. ब्रेक लागतो हे प्रवाशाने प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. तो दुसऱ्याच्या शब्दावर गाडीत बसतो. मग कोणाचा शब्द प्रमाण? नैयायिक म्हणतात, आप्ताचा. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू केलं. अधिकारपद तिथे विचारलेलंच नाही.

या कसोटीवर आपला कागद लावून बघा. आमच्या जुन्या स्कूटरची पीयूसी काढायला आम्ही एकदा रस्त्याकडेच्या व्हॅनपाशी गेलो. मुलाने नंबरप्लेटचा फोटो घेतला आणि कागद हातात दिला. नळी सायलेन्सरला लागलीच नाही. आम्ही पैसे दिले आणि घरी आलो. दोष त्याचा एकट्याचा कसा म्हणावा? न पाहिलेल्याचा शब्द आम्हीच विकत घेतला होता.

ही गोष्ट आमच्या स्कूटरपुरती नाही. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ब्रेकची परीक्षा घ्यायला अडीचशे मीटरचा पट्टा लागतो, आणि तो कित्येक परिवहन कार्यालयांकडे नव्हता. तरी प्रमाणपत्रं निघत होती. गाडी पळवायला जागाच नाही, तर ब्रेक पाहिला कुठे? शेवटी न्यायालयाने सांगितलं, पट्टा नसेल तिथे प्रमाणपत्र देऊ नका. आता स्वयंचलित केंद्रं येत आहेत. यंत्राला खोटं बोलायची इच्छा नसते, हे त्याच्या बाजूचं. पण यंत्रावर कोणती गाडी चढवायची, हे माणूसच ठरवतो.

पुन्हा त्या बसकडे येऊ. समजा, पासिंगच्या दिवशी तपासणी अगदी प्रामाणिक झाली होती. तरी ती झाली उभ्या बसची. दार उघडतं, मिटतं, ठीक. त्या रात्री बस डाव्या अंगावर पडली आणि दार खाली गेलं. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. आडव्या पडलेल्या बसमधून, अंधारात, धुरात, झोपेतून उठलेला माणूस किती वेळात बाहेर पडेल, हा प्रश्न वार्षिक तपासणीचा नाही. तो बस बांधतानाचा आहे, आसनं आणि बर्थ बसवतानाचा आहे. आणि चालकाचं म्हणाल, तर त्याची तपासणी रोज, निघण्यापूर्वी, व्हायला हवी. वर्षाच्या कागदात ती मावतच नाही.

म्हणून पासिंग बंद करा असं आम्ही म्हणत नाही. प्रवासी आणि माल वाहणाऱ्या गाडीला ते हवंच, आणि खरं हवं. पण 'पासिंग होतं ना' या उत्तरावर चौकशी थांबते, त्याला आमचा विरोध आहे.

आता प्रश्न घेऊ. मागून एक दादा विचारतात, आमच्या ट्रॅक्टरचं काय? चांगलं विचारलंत. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने परिवहन वाहन नाही, म्हणून त्याला पासिंग लागत नाही. इथल्या महाप्रसादाला पंगतींमधून वाढायला ट्रॅक्टर फिरतात, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. तिथे ते गोगलगायीच्या चालीने जातात, भीती नाही. भीती असते ती रात्री घरी परततानाची. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही, आणि मागून नातवाची मोटारसायकल येते. दादा, तुम्ही आज आणलेल्या ट्रॉलीला मागे काय आहे? ... नाही ना? मग सभा उठली की आपण दोघे बाहेर जाऊन बघू. समोरच्या दुकानात पट्टी मिळत असेल, तर आज अंधार पडायच्या आत चिकटवून टाकू.