सेगोव्हियाचा अल्काझार

स्पेन देशांतील कॅस्टील प्रांतांत सेगोव्हिया नांवाचें प्राचीन नगर आहे. त्याच्या पश्चिम टोंकास एरेस्मा व क्लामोरेस या दोन नद्यांचा संगम होतो. आणि संगमावरील उंच, चिंचोळ्या खडकावर अल्काझार हा किल्ला उभा आहे. हें नांव ‘अल्-कस्र’, म्हणजे राजवाडा, या अरबी शब्दावरून आलें. तें यथार्थच होय. कारण ही वास्तु दुर्गही होती आणि राजनिवासही होती.

बाराव्या शतकापासून या किल्ल्याचे लेखी उल्लेख सांपडतात. नगराच्या बाजूस खोल खंदक व त्यावर पूल. इतर बाजूंस तुटलेले कडे हेंच त्याचें संरक्षण. दर्शनी भागीं दुसऱ्या हुआन राजाच्या नांवाचा भव्य बुरूज आहे. त्याच्या १५२ पायऱ्या चढून जाणारास सारें नगर दृष्टीस पडतें. १३ डिसेंबर १४७४ रोजीं इसाबेला याच किल्ल्यांतून निघाली, आणि नगरांत कॅस्टीलची राणी म्हणून तिची द्वाही फिरली. पुढें दुसऱ्या फिलिप राजानें छपरांवर पाटीच्या दगडाचीं टोंकदार शिखरें चढविलीं. इ. स. १७६४ पासून येथें तोफखान्याची शाळा भरूं लागली.

६ मार्च १८६२ रोजीं किल्ल्यास भयंकर आग लागली. दगडी भिंती उरल्या. परंतु सोनेरी नक्षीचीं लांकडी छतें जळून गेलीं. राजा लहान असतां त्याची माता कॅथरीन हिनें १४१२ सालीं बांधविलेल्या दालनाचें छत उलट्या गलबताच्या आकाराचें होतें, तेंही गेलें. कॅस्टीलच्या ५२ राजाराण्यांच्या मूर्तींची रांगही नष्ट झाली.

तथापि होसे मारिआ आव्रियाल नांवाच्या चित्रकारानें आगीपूर्वीं सुमारें वीस वर्षें या दालनांचीं बारकाईनें चित्रें काढून ठेविलीं होतीं. आग लागेल हें त्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. १८८२ सालीं जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हां कारागिरांस त्याच चित्रांचा आधार मिळाला. आज तेथें संग्रहालय व लष्करी दफ्तरखाना आहे. प्रेक्षक मान वर करून जीं छतें न्याहाळतात, त्यांपैकीं बरींच त्या कागदांवरून पुन्हां घडविलेलीं आहेत.

तेव्हां हा किल्ला खरा कीं नकली, असा प्रश्न कोणी विचारील. भिंती दगडानें राखल्या, आणि शोभा एका माणसाच्या पेन्सिलीनें राखली, एवढेंच त्याचें उत्तर. वास्तु उभी आहे तोंवरच तिची नोंद करून ठेवणें, हें कर्तव्य सेगोव्हियाहून शिकण्यासारखें आहे.