खुब्याच्या वाटीचे तीन एक्स-रे

मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या हाडातल्या ज्या वाटीत फिरतो, ती वाटीच फुटली तर काय करायचं? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर बहुधा एकच असे: पायाला वजन लावायचं आणि रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचं. हाड जुळायचं, पण अनेकदा वेडंवाकडं. मग सांधा झिजायचा आणि धडधाकट माणूस लंगडत राहायचा. शस्त्रक्रियेला सर्जन सहसा धजत नसत. वाटी खोलवर, शेजारी मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा. शिवाय समोरून काढलेल्या एक्स-रेत पुढची-मागची हाडं एकावर एक चढलेली. काय मोडलंय हेच कळेना, तर चीर कुठे द्यायची?

ही कोंडी पॅरिसमध्ये फुटली. रोबेर जुदे हे नावाजलेले अस्थिशल्यविशारद. बंधू झाँ यांच्यासह १९४६मध्ये त्यांनी खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम गोळा बसवला होता. त्यांचा सहकारी एमिल लतूर्नेल कॅनडालगतच्या सें-पिएर-ए-मिकलाँ या फ्रेंच बेटांवर १९२७मध्ये जन्मलेला. समोरच्या एक्स-रेच्या जोडीला या मंडळींनी रुग्णाला ४५ अंशांत एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला कलतं करून आणखी दोन काढले. त्यांतली प्रत्येक रेघ हाडाच्या कोणत्या कडेची, हे लावून पाहिलं. लतूर्नेलचं खरं मोठेपण मला या रेघा वाचण्यात दिसतं, सुरी नंतरची.

त्यातून वाटीचं नवं चित्र उभं राहिलं: पुढचा एक खांब, मागचा एक, आणि दोन्हींच्या बेचक्यात वाटी. दोघे जुदे बंधू आणि लतूर्नेल यांनी १९६४मध्ये ते मांडलं. मोडांचे प्रकारही पाडले: पाच साधे, पाच मिश्र. मोडाचा प्रकार कळला की वाट ठरते: मागचा खांब असेल तर नितंबाकडून, पुढचा असेल तर जांघेकडून. ही जांघेकडची वाट लतूर्नेलनेच घडवली. तुकडे मूळ जागी आणून पट्ट्या आणि स्क्रूंनी बांधायचे. गोळा गुळगुळीत फिरायचा तर मिलिमीटरचीही पायरी राहू द्यायची नाही.

आज सीटी स्कॅन आहे, तरी ते दोन कलते एक्स-रे, म्हणजे ‘जुदे व्ह्यू’, काढले जातात. अपघातानंतर आधी रक्तस्राव थांबवून जीव सावरायचा, मग काही दिवसांत वाटीकडे वळायचं. फार थांबून मात्र चालत नाही. तीन आठवडे उलटले की मोडावर नवं हाड धरू लागतं, आणि तुकडे हलवणं निष्णात हातांनाही जड जातं.