पोट भरले तरी हात प्लेटीकडे का जातो? भूक, मेंदू आणि शुगर

वलीम्याच्या दावतीत बिर्याणीने पोट गच्च भरते, तरी शाही टुकडा समोर आला की जागा होतेच. आपण जिभेला दोष देतो, पण हा सगळा कारभार मेंदूत चालतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. पोट रिकामे झाले की तिथून घ्रेलिन हे रसायन निघते आणि 'खायला द्या' असा निरोप मेंदूला मिळतो. उलट, 'साठा पुरेसा आहे' हा निरोप चरबीच्या पेशी लेप्टिनमार्फत पाठवतात. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लावला. तेव्हा वाटले, आता इंजेक्शन दिले की लठ्ठपणा गेला! तसे झाले नाही. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असते, मेंदू ते ऐकेनासा होतो. रोज ओरडणाऱ्या सरांकडे वर्ग लक्ष देत नाही ना, तसेच काहीसे.

त्यात डोपामिनची भर. साखर आणि तूप-तेल एकत्र आले की मेंदूत 'आणखी हवे'ची ओढ लागते. जामनेरची शेवभाजी असो की ईदचा शीरखुर्मा, भूक नसतानाही दुसरी वाटी घेतली जाते ती यामुळेच. शरीर गांजासारखी काही रसायनेही स्वतः तयार करते, तीही भूक वाढवतात. ती अडवणारे रिमोनाबंट हे औषध निघाले होते. वजन उतरायचे, पण काहींना गंभीर नैराश्य येऊ लागले, म्हणून २००८ मध्ये युरोपात ते थांबवण्यात आले. मेंदूशी खेळ सोपा नाही.

पोटात आणि यकृतात चरबी साचली की इन्सुलिनचा असर कमी होतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहते, थकले की शुगर वाढते.

"आमचा मुलगा तर बारीक आहे," असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम पाहावे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळेसुद्धा वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त घेऊन जन्मतात, हेही त्यांच्या चमूने दाखवले. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक असल्याचा अंदाज आहे.

म्हणून काट्यापेक्षा टेप जास्त कामाची. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की तपासणी करावी. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ म्हणजे इशारा, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावी. रात्रीचे जागरणही भूक वाढवते. जेवताना आधी कांदा-काकडी, डाळ, भाजी, मग भाकरी किंवा भात घेतला तर शुगर हळू चढते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांकडून डोसची वेळ बदलून घ्यावी. इफ्तारला सरबताऐवजी पाणी आणि एखादी खजूर, भजी मात्र घरातल्या सगळ्यांनीच कमी करावीत. एकट्या अम्मीच्या ताटातून काढून काय उपयोग?