छोटा हत्ती, पिकअप अन् घरची कार : कोणत्या गाडीत काय न्यावं?

धर्माबाद : तालुक्यात आता बैलगाडीची बरीचशी कामं छोटा हत्ती, पिकअप आणि ट्रॅक्टरवर आली आहेत. मिरची मार्केटला नेणं, खताची पोती आणणं, मजूर शेतावर सोडणं, लग्नाचं वऱ्हाड नेणं, सगळं त्याच गाडीत. मात्र कायदा आणि विमा या सगळ्या कामांना एक धरत नाहीत.

हौद्यात माणसं

पिवळ्या पाटीची गाडी मालासाठी असते. तिच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस धरला जातो. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. गाडीच्या कामावरचा चालक आणि हमाल यांचीही जबाबदारी विम्यात येते. पण वऱ्हाडी, देवदर्शनाला निघालेले, दुसऱ्याच्या शेतावरचे मजूर यात बसत नाहीत. अशा फुकट बसलेल्या लोकांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं. कोर्टाने कंपनीला आधी पैसे भरायला लावले तरी ते नंतर मालकाकडूनच वसूल होतात. म्हणजे शेत विकायची पाळी गाडीमालकावर.

ट्रॅक्टरचंही तेच. आरसी बुकावर साधारणपणे चालकाचीच सीट नोंदलेली असते. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात मजुरांचा ट्रॅक्टर विहिरीत पडून वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या ७ महिला दगावल्या. मजुरांसाठी प्रवासी परवान्याची जीप किंवा ऑटो लावला तर रोजी थोडे पैसे जास्त जातात, पण जिवाची आणि जमिनीची जोखीम कमी होते.

माल भरताना

मिरची वजनाला हलकी, पण जागा फार घेते. त्यामुळे पोत्यांची थप्पी उंच जाते आणि वळणावर गाडी कलते. जड पोती खाली, पुढच्या बाजूला. वरून ताडपत्री आणि आडवा-उभा दोर. सोयाबीन, खत, सिमेंटला उलट वजनाचा धोका. आरसीवरचं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढाच माल भरावा. जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. दंड चुकला तरी कमानपाटे, टायर आणि ब्रेक यांचा खर्च चुकत नाही.

कागदपत्रं

मालगाडीचं पासिंग पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी, नंतर दरवर्षी. घरच्या कारची नोंदणी १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला कायम केलं. बासर-निजामाबादकडे जाताना कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये ठेवले तरी चालतात. घरची पांढऱ्या पाटीची कार भाड्याने देऊ नये. अपघात झाला तर विम्याचा वाद होतो.

नव्या डिझेल गाड्या

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यातल्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. गाव ते शेत असं रोज दोन-तीन किलोमीटरच चाललं तर ती साफ होत नाही आणि तुंबते. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात गाडी चालवावी. डॅशबोर्डवर गाळणीचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये. भुसार माल ठेवलेल्या गोदामात कार उभी केली तर उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेट आठवड्यातून एकदा तरी उघडून बघावं.

सकाळी निघण्याआधी टायर, ब्रेक, मागचे दिवे आणि फाळक्याची कडी बघायला पाच मिनिटं पुरतात. विम्याची पॉलिसी मात्र एकदा घरी बसून पूर्ण वाचावी. आपल्या गाडीत कोण बसलेलं चालतं, ते त्यातच लिहिलेलं असतं.