सिमॉन स्टेव्हिनच्या पवनचक्कीची आकृती

हॉलंडची पवनचक्की म्हटली की दळणाची चक्कीच डोळ्यांपुढे येते. त्या देशातील कितीतरी चक्क्यांनी मात्र दाणा कधी दळला नाही. त्यांचे काम पाणी उपसण्याचे. दलदलीत चर खणून पाणी काढले की तेथील कुजलेल्या वनस्पतींची मऊ जमीन आटे, खचे. कालांतराने शेते नदीच्या पातळीखाली गेली आणि ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडून पाणी सोडून देण्याची जुनी युक्ती पुरेनाशी झाली. पंधराव्या शतकापासून वारा या कामी जुंपला गेला, तो या निकडीने.

ब्रुज येथे १५४८ साली जन्मलेल्या सिमॉन स्टेव्हिनने १५८० नंतरच्या दशकात अशा चक्कीतील सुधारणांसाठी सरकारी सनदा मिळविल्या. त्याची आकृती निसर्गचित्र नव्हे. शिडे, उभा दांडा, दंतचक्रे आणि तळाशी पाणी वर लोटणारे फळ्यांचे चाक, एवढाच तिचा विषय. फळ्या थोड्या पण मोठ्या. फटीतून पाणी मागे येऊ नये म्हणून त्यांच्या कडांना चामडे. चाकाची गती संथ. चक्की बांधणारे सुतार तोवर परंपरेने आलेल्या अंदाजावर काम करीत. स्टेव्हिनने एका फेऱ्यात किती पाणी चढेल, दात्यावर किती भार येईल, त्यासाठी शिडावर वाऱ्याचा दाब किती हवा, याचे गणित मांडले. यंत्राला आधी कागदावर जाब विचारण्याची ही रीत त्या काळी विरळाच होती.

विद्वानांची भाषा लॅटिन असताना हे सारे त्याने डच भाषेत लिहिले, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. १५८५ मधील दशांश अपूर्णांकांवरील पुस्तिका त्याने जमीन मोजणारे, कापड मोजणारे अशा व्यवहारी माणसांसाठी रचली, आणि गणिताला स्वभाषेतील शब्द रूढ केला.

त्याच्या चक्क्यांचा प्रसार मात्र बेताचाच झाला. १६१२ मध्ये बेमस्टर सरोवर कोरडे झाले ते सुमारे ४३ चक्क्यांनी. एक चाक पाणी जेमतेम दीड मीटर चढवी, म्हणून चक्क्या पायरीपायरीने मांडाव्या लागल्या. तेथील कुशल कारागीर यान आद्रियानझून याने ‘लेखवाटर’, म्हणजे ‘रिते पाणी’, असे आडनावच घेतले होते! स्टेव्हिन १६२० मध्ये निवर्तला. त्याची मागे राहिलेली टिपणे मुलगा हेंड्रिक याने प्रसिद्ध केली ती १६६७ साली. बेमस्टरच्या तळाशी तोवर अर्धशतकाहून अधिक काळ शेती होत होती.