राखणदार कुत्रा आणि गप्प बसलेला सर्व्हर

(पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा.)

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." तालुक्याच्या गावात राहणाऱ्या कोणाला हे वाक्य नवीन नाही. कधी लाईट गेलेली असते, कधी नेट नसतं. पण एक तिसरा प्रकारही असतो. सर्व्हरचा पंखा फिरतोय, दिवे लुकलुकतायत आणि तरी तो कोणाला उत्तर देत नाही. हँग झालेला. उपाय सगळ्यांना माहीत आहे, कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. पण रात्रीचे दोन वाजलेत आणि बटण दाबणारा पन्नास किलोमीटरवर झोपलाय, तेव्हा काय?

यावरचं उत्तर जुनं आहे. त्याचं नाव वॉचडॉग टायमर, म्हणजे राखणदार कुत्रा. हे एक साधं उलटं मोजणारं घड्याळ, मुख्य प्रोसेसरच्या भरवशावर न राहता स्वतंत्र चालणारं. चालू असलेल्या प्रोग्रामने दर काही सेकंदांनी त्याला भाकरी टाकायची, म्हणजे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. भाकरी आली नाही आणि मोजणी शून्यावर गेली, की कुत्रा कोणाला न विचारता मशीन रीस्टार्ट करतो. एवढंच. त्याला बिघाड कळत नाही, फक्त शांतता कळते.

कॉम्प्युटरच्या आधी ही कल्पना रेल्वेत होती. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतो. माणसाला झोप लागली, चक्कर आली की काय, हे गाडी विचारत बसत नाही.

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानांच्या कॉम्प्युटरमध्येही असा पहारेकरी होता आणि त्याचं नाव होतं 'नाइट वॉचमन'. आपल्या गल्लीत 'जागते रहो' ओरडणाऱ्या गुरख्याचाच भाऊ म्हणा! प्रोग्रामने मेमरीतल्या एका ठरावीक कप्प्याकडे दोन सेकंदांच्या आत फेरी मारली नाही, तर हार्डवेअर त्याला पुन्हा सुरू करायचं. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ उतरताना गाजलेले १२०२ आणि १२०१ हे अलार्म या वॉचमनचे नव्हते; ते कॉम्प्युटरवर कामाचा बोजा जास्त झाल्याचे होते. पण तिथेही कॉम्प्युटर स्वतःहून रीस्टार्ट होत राहिला आणि यान उतरलं. का उतरलं? कारण रीस्टार्टनंतर कोणतं काम कुठून उचलायचं आणि कोणतं सोडून द्यायचं, हे मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मला तर त्या अलार्मपेक्षा ही पूर्वतयारीच मोठी वाटते.

उलट उदाहरण क्लेमेंटाईनचं. हे अमेरिकन यान जानेवारी १९९४ मध्ये सुटलं, त्याने चंद्राचा नकाशा उत्तम केला आणि मग ते जिओग्राफोस नावाच्या लघुग्रहाकडे जायच्या बेतात होतं. ७ मे रोजी कॉम्प्युटर अडकला आणि दिशा बदलायचे थ्रस्टर सुटले ते जवळपास ११ मिनिटं चालूच राहिले. इंधन संपलं, यान गरगर फिरायला लागलं, लघुग्रहाची भेट रद्द झाली. यानावर हार्डवेअर वॉचडॉगची सोय होती. सॉफ्टवेअरने ती वापरलीच नव्हती. कुत्रा पाळला, पण दिवसरात्र साखळीला बांधून ठेवला.

तिसरी गोष्ट मार्स पाथफाइंडरची. ४ जुलै १९९७ रोजी ते मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच पुनःपुन्हा रीसेट होऊ लागलं. इथला राखणदार वेगळी चिप नव्हता, ठरल्या वेळेत काम झालं का हे बघणारी सॉफ्टवेअरमधलीच तपासणी होती. भानगड सरकारी ऑफिसात शोभेल अशी होती. शिपायाकडे रेकॉर्डरूमची किल्ली, मधल्या फळीतले कारकून त्याला आपापल्या कामाला पिटाळतायत आणि मोठे साहेब त्याच किल्लीसाठी ताटकळतायत. शिपाई म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारा कमी महत्त्वाचा प्रोग्राम. साहेबांचं काम वेळेत झालं नाही की रीसेट, आणि त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर. उड्डाणापूर्वी चाचणीतही हे दिसलं होतं, पण पुन्हा घडवून बघता आलं नव्हतं. या वेळी इंजिनिअर लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर तोच घोटाळा घडवून आणला, कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. किल्ली ज्याच्या हातात आहे त्याला तेवढ्यापुरता साहेबाचा दर्जा द्यायचा, अशी ती दुरुस्ती.

आता आपल्या सर्व्हरकडे येऊ. चांगल्या सर्व्हरमध्ये हा टायमर बहुधा असतोच, अगदी हातावर मावणाऱ्या रास्पबेरी पायमध्येही असतो. लिनक्समध्ये त्याला भाकरी टाकणारा छोटा प्रोग्राम मिळतो. पण तो लावला म्हणजे झालं, असं नाही. भाकरी टाकणारा धडधाकट आहे आणि डेटाबेस मरून पडलाय, असंही होतं. मग कुत्रा तृप्त आणि खिडकीवरची रांग तशीच. म्हणून भाकरी टाकण्याआधी मेमरी उरली आहे का, नेटवर्क उत्तर देतंय का, नोंदींची फाईल पुढे सरकतेय का, हे तपासायला त्या प्रोग्रामला सांगावं लागतं. शिवाय असा रीस्टार्ट म्हणजे वायर उपटल्यासारखाच. अर्धवट राहिलेल्या नोंदींचं काय होणार, हे अपोलोवाल्यांसारखं आधी ठरवायला हवं.

खरा धोका मात्र वेगळा आहे. कुत्रा इमानदारीने रोज रात्री मशीन उठवतो, सकाळी सगळं सुरळीत दिसतं आणि बिघाड महिनोन्महिने आत वाढत राहतो. पाथफाइंडरच्या लोकांनी रीसेटला तक्रार समजलं. आपल्याकडे त्यालाच दुरुस्ती समजून बिल निघतं.

तपास करायचा तर जागा आहे. १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी आयपीएमआय नावाची पद्धत आणली. त्यात सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळा छोटा कंट्रोलर असतो, त्याच्यातच वॉचडॉग असतो आणि टायमर संपल्याची नोंद त्याच्या स्वतःच्या यादीत होऊ शकते. मुख्य मशीन मेलं तरी ही यादी शाबूत राहते. पुढच्या वेळी खिडकीवर "सर्व्हर डाऊन" ऐकलंत, तर तिथल्या सर्व्हरवाल्या भाऊंना एवढंच विचारा, ती यादी शेवटची कधी उघडली होती?