मागच्या रांगेपर्यंतचा उजेड

गडचिरोलीतल्या अहेरी भागातलं लग्न फोटोग्राफरसाठी अवघडच. बहुतेक लग्नं चैत्र-वैशाखात. दुपारचा मुहूर्त असला तर ऊन थेट डोक्यावर. कपाळ आणि नाक चकाकतं, डोळे खोबणीत गडप होतात. गोरज मुहूर्त असला तर अक्षता पडेपर्यंत सूर्य प्राणहिता नदीपलीकडे उतरलेला असतो. जुना मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा. त्यातून हिरवट उजेड झिरपायचा आणि हळद लागलेला चेहरा त्यात आजारी दिसायचा. पुढे कापडी मांडव आले, तेव्हा गुलाबी कापडाखाली सगळं वऱ्हाड गुलाबी झालं. शहरातला फोटोग्राफर फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडे वळवतो आणि तिथून परतलेला मऊ उजेड वापरतो. आमच्याकडे छत कुठलं? वर एकतर पानं, नाहीतर आभाळ.

त्यामुळे इथल्या लग्नाच्या फोटोंचा इतिहास सांगायचा म्हणजे फ्लॅशचाच सांगावा लागतो. आणि तो सांगताना सावळ्या, काळ्या चेहऱ्यांवर तो उजेड कसा पडला हे सांगितल्याशिवाय माझ्या मते तो पुरा होत नाही. गोंडी, माडिया, तेलुगू, मराठी, कोणतीही भाषा बोलणारी असोत, आमची माणसं बहुतेक सावळी. पण 1980-90 च्या काळातले अल्बम उघडले तर त्यात नवरा-नवरी पिठात बुडवल्यासारखी पांढरी दिसतात. हे आपोआप झालं नाही. त्यामागे यंत्रं आहेत, बाजार आहे आणि आमची स्वतःची हौसही आहे.

जगाचा हिशेब थोडक्यात असा. 1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मिएथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झटक्यात पेटणारी पूड तयार केली. भडका, धूर आणि भाजण्याची भीती, असा तो प्रकार. 1929 च्या सुमारास काचेच्या बल्बात बंद केलेला फ्लॅश आला. एक बल्ब, एक फोटो. 1931 मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा चमकणारी विजेची नळी बनवली, आणि आजचे कॅमेऱ्याचे फ्लॅश तिच्याच वंशातले.

आमच्या भागाचं म्हणाल, तर नदीपलीकडे, तेव्हाच्या निझामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, 1940 च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राजगोंडांचा अभ्यास केला आणि त्यांचे भरपूर फोटो काढले. ते काम मोलाचं आहे. पण तो फोटो अभ्यासकाला हवा होता. लग्नाचा फोटोग्राफर वेगळा. त्याला घरच्यांनी स्वतः बोलावलेलं असतं, आणि फोटो त्यांच्याच भिंतीवर लागतो. आपण कसं दिसावं हे घरचे ठरवू लागले ते इथून.

मी हे काम मामांच्या हाताखाली शिकलो. गडचिरोली तेव्हा नुकताच, 26 ऑगस्ट 1982 ला, चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला होता. मामांचा कॅमेरा याशिका मॅट, वरून डोकावून पाहायचा, 120 च्या रोलवर 12 फोटो देणारा. त्याचा एक गुण पुढच्या महागड्या कॅमेऱ्यांतही नव्हता. त्याचं शटर भिंगाच्या आतच होतं, म्हणून सेकंदाच्या पाचशेव्या भागालाही फ्लॅश जुळायचा. नंतर आलेल्या पेंटॅक्स के-1000 सारख्या कॅमेऱ्यात कापडी पडदा. साठाव्या भागाच्या पुढे गेलं की अर्धा फोटो काळा. वैशाखाच्या दुपारी साठाव्या भागावर एवढं ऊन आत येतं की फ्लॅश वापरायला वावच उरत नाही. मामा मात्र भर बारा वाजता फ्लॅश उडवायचे. लोक म्हणायचे, उन्हात कशाला उजेड पाहिजे जी? तो डोळ्यांच्या खोबणीसाठी होता. मुंडावळ्यांखालचे, घामाने मिटलेले डोळे त्या उजेडाने उघडे दिसायचे.

मामांचा दुसरा धडा भागाकाराचा. प्रत्येक फ्लॅशचा एक आकडा असतो. त्याला अंतराने भागलं की भिंगाचं तोंड किती उघडायचं ते कळतं. आकडा 120 आणि अंतर 15 फूट, तर उत्तर 8. यामागचा नियम सगळ्यांना पाठ असावा असं मला मनापासून वाटतं: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. पहिली रांग पाच फुटांवर आणि शेवटची दहा फुटांवर असली, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा हिस्साच मिळतो. तेच फोटोग्राफर दहा फूट मागे सरकला तर मागच्या रांगेला निम्म्याहून जास्त मिळतो. आता मागच्या रांगेत कोण असतं ते पाहा. पुढे मानाचे पाहुणे, खुर्चीवर बसलेले. मागे मजूर काका, लांबच्या पाड्यावरून चालत आलेली आत्या, मांडव घालणारी पोरं. जवळून घाईत काढलेल्या ग्रुप फोटोत ही माणसं काळोखात जातात, आणि तीच बहुधा सगळ्यात काळी असतात. मामा ओरडायचे, "पोट्ट्या, मागं सरक! मागच्यायचे चेहरे कोण घेईन?"

फ्लॅश कॅमेऱ्यावर नव्हे, वायर लावून बाजूला धरायचा, डाव्या हाताला आणि डोक्याच्या वर. ते काम माझं. समोरून मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो आणि मागच्या कापडावर प्रत्येक डोक्याला काळी किनार लावतो. होमाच्या वेळी तर समोरून मारणं म्हणजे फोटो घालवणं. धूर पांढरा पेटतो आणि मागची माणसं त्याच्याआड जातात. बाजूने मारला तर तोच धूर पातळ दिसतो.

रोलवर 12 च फोटो, त्यात फ्लॅशला पुन्हा भरायला दहा-दहा सेकंद. त्याची बारीक शिट्टी थांबेपर्यंत हात बांधलेले. त्यामुळे अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच मिळायचा. आमच्याकडच्या तेलुगू घरांत वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, आणि पुढे तलंब्रालुला ओंजळी भरभरून हळदीचे तांदूळ एकमेकांवर ओततात. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. हवेतला तांदूळ न् तांदूळ सुटा दिसतो. असला फोटो मी पहिल्यांदा डेव्हलपरमधून उगवताना पाहिला तेव्हा याच धंद्यात राहायचं हे नक्की झालं.

मग ऑटो फ्लॅश आला. व्हिव्हिटार 283 त्यातला नामांकित. त्याच्या तोंडावर एक छोटा डोळा होता. समोरून परतलेला उजेड पुरेसा झाला असं त्याला वाटलं की तो चमक तोडायचा. भागाकार सुटला. पण हा डोळा खोलीत वापरण्यासाठी होता, जिथे माणसामागे भिंत असते. अहेरीच्या उघड्या मांडवात माणसामागे रात्र असते, आणि तिच्यामागे सागवानाचं जंगल. तिथून उजेड परतत नाही. डोळ्याला वाटतं, अजून कमीच आहे. तो ओतत राहतो, आणि पुढचा चेहरा पांढराफटक पडतो. रंगीत रोल चंद्रपूरला जायचे, एसटीने, आष्टीचा वैनगंगेचा पूल ओलांडून. तिथलं छपाईचं यंत्रसुद्धा सगळ्या फोटोची सरासरी काढणारं. तीन बाजूंनी काळोख असलेला फोटो त्यालाही अंधारा वाटायचा, म्हणून ते आणखी उजळ छापायचं. दोन यंत्रांची एकच चूक, एकावर एक.

कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं ठेवलेली असत, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं 1990 च्या दशकात आली. म्हणजे बरोबर त्वचा कोणती, हे यंत्राला आमचे चेहरे पाहून कोणी शिकवलंच नव्हतं. आणि आम्ही? आम्हाला तो पांढरा फोटो आवडला. मुलीचे वडील ऑर्डर देतानाच सांगायचे, "भाऊ, पोरगी गोरी आली पाहिजे." ज्याचे फोटो गोरे, त्याचा धंदा चांगला. मामांचे फोटो खरे असायचे. ते उजेड मोजताना नवरीच्या तळहातावर मोजायचे, कारण तळहात सगळ्यांचेच जवळपास सारखे उजळ असतात, आणि मग चेहरा जसा आहे तसा येतो. लोकांना ते फोटो काळे वाटायचे. या एका गोष्टीवरून गिऱ्हाईक तुटताना मी पाहिलं आहे.

व्हिडिओ शूटिंगचा काळ मला फारसा प्रिय नाही. हजार वॅटचा हॅलोजन, मागे वायर ओढणारा पोरगा, मांडवाबाहेर धडधडणारा जनरेटर. नवरीचं काजळ घामाने ओघळायचं. हॅलोजनचा उजेड पिवळा आणि फ्लॅशचा पांढरा, त्यामुळे एकाच चेहऱ्याचा एक गाल नारिंगी यायचा; फ्लॅशवर पिवळी पन्नी चिकटवली की तो रंग जुळायचा. 2005 नंतरच्या भारनियमनात जनरेटरशिवाय लग्नच लागेना.

खरा फरक डिजिटलने केला, आणि तोही सन 2008 नंतर, कॅमेरे अंधारातही पाहू लागले तेव्हा. रात्रीचा रेला नाच घ्या. शेकोटीभोवती गोल धरून हळूहळू सरकणारी माणसं. नुसता फ्लॅश मारला की आग मरते, आणि उरतात दचकलेले चेहरे. आता शटर पंधराव्या भागावर ठेवायचं, आगीचा उजेड आत येऊ द्यायचा, आणि फ्लॅश अगदी बारीक, पन्नी लावून, फक्त चेहरा धरण्यापुरता. काळ्या त्वचेवर आगीची जी तांबूस झाक असते, ती मला या कॅमेऱ्यांनी पहिल्यांदा दिली.

वांगेपल्लीजवळ प्राणहितेवर पूल झाला. पूर्वी रोटी-बेटीची वऱ्हाडं नावेतून यायची. आता पलीकडचे फोटोग्राफर गाड्या भरून मोठे दिवे, छत्र्या आणि रेडिओ ट्रिगर घेऊन येतात. पोरं हुशार आहेत. पण बऱ्याच मोबाइलमध्ये चेहरा उजळ करणारी सोय आधीच चालू असते, आणि अल्बम छापण्याआधी नवरीला गोरी करणं हा आजही रोजचाच भाग आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिली ती सोय बंद करायला लावतो आणि तळहातावर उजेड मोजायला शिकवतो.

अलीकडे जुन्या निगेटिव्ह घेऊन लोक येतात, कोणाला आईचं लग्न हवं असतं, कोणाला आजीचं. निगेटिव्हचा एक मोठा गुण असा, की जास्त उजेड पडला तरी त्यातला तपशील सहसा मरत नाही, फक्त दाट होतो. प्रिंट पांढरा असला तरी आत गालाची गोलाई असते, कपाळावरचं गोंदण असतं. स्कॅन करून चेहऱ्यापुरता उजेड खाली आणला की आजीचा काळा रंग परत येतो. मी घरच्यांना दोन्ही प्रिंट देतो, जुना आणि हा, आणि कोणता भिंतीवर लावायचा ते त्यांच्यावर सोडतो. म्हातारी माणसं अजून बहुतेक जुनाच घेतात. नातवंडं नवा मागतात, आणि गोंदणाबद्दल विचारतात.